होडीच्या केबिनची जमीन दर पावसाळ्यानंतर कुजते? नवा प्लाय आणण्याआधी हे तपासा

दिवाळी उरकली की येलदरी धरणाच्या काठावर एक दृश्य ठरलेलं असतं. कुणीतरी होडी ओढून वर घेतलेली असते आणि केबिनमधून फुगलेल्या प्लायचे तुकडे बाहेर पडत असतात. सलग तीन वर्षं त्या ढिगात माझेही तुकडे होते. चौथ्या वर्षी बसवलेल्या जमिनीने मात्र आता तीन पावसाळे काढलेत आणि एकही फळी बदलावी लागलेली नाही. खर्च आधीच्या एका वेळेपेक्षा फार जास्त झाला नाही. ज्यांना दरवर्षी हाच ताप होतो त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितो.

माझी होडी वीस फुटी, फायबरची, जुनी, किनाऱ्यावरून ट्रकवर घालून आणलेली. पुढच्या भागात सहा बाय पाच फुटांची बसकी केबिन आहे. संध्याकाळी जाळी टाकायची, रात्र तिथेच काढायची, पहाटे जाळी उचलून माल जिंतूरला पोचवायचा. म्हणजे ही जमीन झोपायलाही लागते आणि चिखलाच्या पायांनी तुडवायलाही. तुमची केबिन याहून लहान असेल तर खर्च आणखी कमी येईल.

लक्षणं सगळ्यांची सारखीच. आधी दारापाशी पाय किंचित खाली दबल्यासारखा वाटतो. मग कडेला प्लायचे पापुद्रे सुटतात. दार उघडलं की कुबट वास येतो, विनाइल उचललं तर खाली काळे डाग. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा: चांगल्या जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी भदभद. आरीचं टोक जोर न लावता आत गेलं तर त्या फळीवर उभं राहू नका, ती कधीही मोडेल.

पहिल्या वर्षी मी घरच्या फर्निचरचा साधा प्लाय टाकला, वर हिरवं कार्पेट. दसऱ्यालाच वास सुटला. दुसऱ्या वर्षी त्याहून बरा प्लाय घेतला आणि वर विनाइल पूर्ण चिकटवून टाकलं, कडांना सिलिकॉन भरलं. वरून पाण्याचा थेंब आत जाणार नाही याची इतकी काळजी घेतली होती, तरी ती जमीन सगळ्यांत वाईट कुजली. तिसऱ्या वर्षी मुलांच्या खोलीत टाकतात त्या फोमच्या टाइल चिकटवल्या. त्यांचंही तेच झालं, फक्त कळायला उशीर लागला, कारण वरून त्या छान दिसत होत्या.

चौथ्या वर्षी आमच्या गावच्या सुतारमामांना म्हटलं, "मामा, यंदा एकदम भारीतला प्लाय बसवू." मामांनी उपटलेली फळी उलटी केली, खालच्या बाजूवर तळहात फिरवला आणि तो ओला हात माझ्यासमोर धरला. म्हणाले, "तू वरचं पाणी धरून बसलास बाबू. पाणी खालून येऊलालंय."

तिथून माझा सगळा विचार फिरला. तिन्ही वेळा मी वरचं आवरण बदलत होतो आणि खाली साचलेलं पाणी तसंच राहत होतं. दुसऱ्या वर्षी तर मी वरची वाट बुजवून त्या पाण्याला आतच कोंडलं होतं.

याला आणखी एक कारण आहे, आपल्या भागासाठी महत्त्वाचं. होडी विकणाऱ्याने सांगितलं होतं की किनाऱ्यावर अशी जमीन बरीच वर्षं टिकते. तो खोटं बोलत नव्हता. खाऱ्या पाण्यात लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला वाढायला जड जातं. पूर्वी लाकडी जहाजांच्या बरगड्यांमध्ये मुद्दाम मीठ भरून ठेवायची पद्धत होती, ती याचसाठी. आपलं पूर्णा नदीचं पाणी गोडं. ते फळीखाली साचलं की बुरशीला आयतं घर मिळतं. म्हणून मालवण-रत्नागिरीकडचा सल्ला खिळ्या-स्क्रूच्या बाबतीत आपल्याला गरजेपेक्षा महाग पडतो आणि लाकडाच्या बाबतीत अपुरा पडतो. समुद्रासाठी ३१६ जातीचं स्टेनलेस लागतं, आपल्याला ३०४ पुरतं. लाकडाची काळजी मात्र इथे जास्तच घ्यावी लागते.

त्यात आपलं हवामान. मे महिन्यात हवा इतकी कोरडी की प्लाय आकसतो, जुलैपासून तोच फुगतो. या ताणात कडेचे थर सुटतात आणि त्या फटीतून पाणी आत शिरतं. परभणीची थंडीही विसरू नका. डिसेंबरात पारा पाच-सहा अंशांवर येतो, आपण केबिनचं दार लावून दोघं आत झोपतो, आणि सकाळी फायबरच्या भिंतींवरून दवासारखं पाणी ओघळत असतं. ते आपल्याच श्वासातलं पाणी. ओघळून ते जातं जमिनीखाली. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या खाली राहिली तर कुजवणारी बुरशी वाढत नाही, त्यामुळे सगळा खेळ फळी भिजल्यावर किती लवकर वाळते याचा आहे.

पाणी कुठून येतं ते आधी शोधा. मी रांगोळी वापरली. जमीन पूर्ण काढली, तळ फडक्याने पुसून दोन दिवस उन्हात वाळवला. मग जिथे जिथे शंका होती तिथे, म्हणजे तळाच्या बुचाभोवती, केबिनच्या दोन्ही भिंतींच्या पायथ्याशी आणि मागच्या आडव्या पट्टीच्या कडेने, कोरड्या पांढऱ्या रांगोळीची बोटभर रुंद रेघ ओढली. होडी पाण्यात उतरवून रात्रभर ठेवली. सकाळी टॉर्च मारला तर बुचाभोवतीची रांगोळी पिठासारखी कोरडी, आणि मागच्या आडव्या पट्टीपाशी दोन वितींवर रेघ राखाडी पडून चिकटलेली. नीट पाहिलं तर पाणी तिथून नुसतं पाझरत नव्हतं, पलीकडून येत होतं. पलीकडे माझा बर्फाचा थर्माकोलचा डबा असतो. बर्फ वितळून पाणी, सोबत माशांचा चिकट ओघळ, दर रात्री गुपचूप केबिनखाली जात होता. कुबट वासाचं मूळ तेच होतं. तीन वर्षं मी त्याचा दोष पावसाला देत होतो.

तुमच्याकडे उगम वेगळा निघेल. पाऊस दाराच्या फटीतून येत असेल, ओली जाळी आत ठेवायची सवय असेल, किंवा बूच खरोखर गळत असेल. श्वासाची ओल किती हे पाहायचं असेल तर फूटभर चौकोनी प्लास्टिकचा कागद जमिनीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावा आणि रात्रभर राहू द्या. कागदाच्या वर थेंब आले तर ओल हवेतली, खाली आले तर ती जमिनीतून येते. दोन्हीकडे आले तर दोन्ही कामं करावी लागतील.

उगम सापडला की तो बंद करायला फार पैसे लागत नाहीत. मी बर्फाच्या डब्याखाली कडा असलेला प्लास्टिकचा ट्रे ठेवला आणि त्याला नळी जोडून पाणी बाहेर काढलं. केबिनला हवा मिळावी म्हणून प्लंबिंगच्या दुकानातून दोन इंची पीव्हीसीचे दोन एल्बो आणले. एक मागच्या भिंतीत खाली, दुसरा समोरच्या बाजूला तिरक्या कोपऱ्यात वर. तोंडं बाहेरून खालच्या दिशेला वळवली, म्हणजे पाऊस आत येत नाही, आणि आतून मच्छरदाणीची जाळी लावली. थंडीत मित्राने वरचं तोंड चिंधीने बुजवलं होतं, तर दुसऱ्याच सकाळी भिंती पुन्हा ओल्या. तेव्हापासून आम्ही जास्तीची वाकळ अंगावर घेतो, पण भोकं बुजवत नाही.

पाणी थोडंफार येणारच. ते एका जागी जमावं आणि डब्याने उपसता यावं, एवढंच बघायचं. जमिनीखालच्या आडव्या रिपांना तळाशी अंगठा जाईल एवढ्या खाचा ठेवा. त्या दोन्ही टोकांना आणि मध्ये अशा तीन ठिकाणी हव्यात. येलदरीचं पाणी खाली सिद्धेश्वर धरणाकडे सुटलं की काठ मागे सरकतो आणि आठवड्याभरात आपली होडी चिखलावर एका अंगाला कलंडलेली सापडते. मधली एकच खाच असेल तर कलंडलेल्या बाजूचं पाणी तिथवर पोचतच नाही. माझ्या पहिल्या तिन्ही जमिनी उजव्या कोपऱ्यातूनच कुजायला लागल्या होत्या, त्याचा उलगडा मला असा झाला.

आता जमीन. माझं ठाम मत असं झालंय की लहान होडीत काहीही कायमचं चिकटवू नये. जी जमीन दोन मिनिटांत उचलून उन्हात टाकता येते ती स्वस्तातली असली तरी टिकते. जी उचलता येत नाही ती महागातली असली तरी कुजते. मी केबिनची जमीन तीन सुट्या फळ्यांत केली. होडीच्या भिंतीच्या कडेला आणि दोन फळ्यांमध्ये तीन-चार मिलिमीटर मोकळं सोडलं, म्हणजे फुगायला जागा राहते आणि हवा खेळते. प्रत्येक फळीला बोट घालून उचलायला एक इंची भोक. होडी कलंडली तर फळ्या तरंगून अंगावर येऊ नयेत म्हणून कडेला लाकडी आडणी फिरवायच्या.

फळ्यांसाठी १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय घेतला, खाली दर फुटावर रीप. प्लाय घेताना त्यावर आयएस ७१० हा भारतीय मानकाचा शिक्का बघा. आयएस ३०३ खाली येणारा बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला तोंड देणारा प्लाय चाचणीत कमी वेळ उकळतात, ७१० चा ७२ तास. पण ही परीक्षा मुख्यतः थरांच्या चिकटपणाची आहे हे ध्यानात ठेवा. शिक्का आहे म्हणून कापलेली कड उघडी ठेवली तर तीही पाणी पिणारच. दुकानात कड नीट निरखून बघा. थरांमध्ये पोकळ्या दिसल्या तर तो पत्रा घेऊ नका. आठ बाय चार फुटांच्या एका पत्र्यात माझी जमीन बसली.

सगळ्यात जास्त लक्ष कडांना द्या. प्लाय पाणी पितो तो कडेनेच. मी आधी कडांना इपॉक्सीचे, म्हणजे हार्डनर कालवून लावायच्या रेझिनचे, तीन हात दिले, मग वरच्या आणि खालच्या बाजूला दोन-दोन. खालची बाजू कोण बघतं, असं म्हणून बहुतेक जण ती कोरी सोडतात, आणि पाणी तर तिथेच असतं. स्क्रूची भोकं आधी मोठी पाडून इपॉक्सीने भरली, वाळल्यावर त्यात बारीक भोक पाडून स्क्रू घातला, म्हणजे स्क्रूच्या वाटेने पाणी लाकडापर्यंत जात नाही. फायबरच्या कामाचं साधं पॉलिस्टर रेझिन स्वस्त मिळतं, पण लाकडाला ते इपॉक्सीसारखं धरत नाही, काही महिन्यांत पापुद्रा सुटतो. इथे पैसे वाचवू नका. आणि एक गल्लत टाळा: पॉलिस्टरमध्ये उन्हाळ्यात हार्डनर कमी घालतात, ते चालतं. इपॉक्सीचं प्रमाण डब्यावर लिहिलंय तेच ठेवायचं, काट्यावर मोजून. कमी घातलं तर ते कायम चिकट राहतं. हातात मोजे घाला आणि हे काम केबिनमध्ये बसून करू नका, फळ्या बाहेर झाडाखाली ठेवून करा.

कामाचा महिना निवडणंही महत्त्वाचं. मे महिन्यात पाणी खाली गेलेलं असतं म्हणून सगळे तेव्हाच काम काढतात, पण त्या उकाड्यात इपॉक्सी कपातच तापून गोठतं. डिसेंबरात रात्रीच्या गारठ्यात ते नीट धरत नाही आणि दवाने पृष्ठभाग तेलकट होतो. शिवरात्र ते पाडवा हा काळ मला सगळ्यांत चांगला वाटला. हवा कोरडी, ऊन सोसवणारं. तरीही एका वेळी वाटीभरच कालवा. इपॉक्सीला ऊन सोसत नाही, म्हणून वाळल्यावर वरून रंगाचे दोन हात द्याच.

वर काय टाकायचं हा खरं तर सगळ्यांत सोपा भाग, पण लोक पैसे याच्यावरच घालवतात. सगळ्यांत स्वस्त म्हणजे नुसता रंग. दुसरा हात ओला असतानाच त्यावर चाळणीने अगदी बारीक, धुतलेली, वाळवलेली रेती पेरायची, सुकल्यावर जास्तीची झाडून घ्यायची आणि वरून आणखी एक पातळ हात. पाय घसरत नाही. रंग फिकटच घ्या. गडद रंगाची जमीन मे महिन्यात दुपारी पाय ठेवू देत नाही.

विनाइल हवं असेल तर ते न चिकटवता नुसतं अंथरा, कडेने पाच मिलिमीटर आखूड कापून. दुकानदार मऊ लागावं म्हणून खालून फेल्ट लावलेलं दाखवतो. ते घेऊ नका, फेल्ट पाणी धरून ठेवतो. नुसत्या प्लास्टिकचं, वर खडबडीत नक्षी असलेलं घ्या. गुळगुळीत विनाइल ओलं झालं की माशाच्या ओघळासारखं निसरडं होतं.

फोमच्या टाइल मी आजही वापरतो, पण फक्त झोपायच्या जागेवर आणि सुट्या. थंडीत पाठीला गार लागत नाही, हा त्यांचा मोठा गुण. उन्हाळ्यात त्या आकसतात आणि सांधे उघडतात, तेव्हा मार्चमध्ये काढून घरी ठेवायच्या. त्यांचा खरा शत्रू आपली काळी माती. चिखलाचे पाय आत आले की तो सांध्यात बसतो, वाळला की दगड, भिजला की पुन्हा लोणी, आणि त्याच्या खालची जागा दिवसेंदिवस ओली राहते.

म्हणून दारापाशी मी वेगळंच केलं आणि या एका गोष्टीचं मला मनापासून समाधान आहे. घरी मोडीत निघालेली जुनी बैलगाडी होती, बाभळीची. मामांनी तिच्या लाकडातून इंचभर जाड, दोन इंच रुंद रिपा काढल्या. फक्त आतलं तांबडं लाकूड घेतलं. कडेचं पांढरं किडतं, ते बाजूला टाकलं. दोन आडव्या रिपांवर बोट अडकणार नाही एवढी, सात-आठ मिलिमीटरची फट ठेवून त्या ठोकल्या. दीड बाय अडीच फुटांची ही जाळी दारातल्या खळग्यात बसते. त्यावर पाय घासले की चिखल फटीतून खाली पडतो, आणि आठवड्याला जाळी उचलून खालचा चिखल खराट्याने काढून टाकता येतो. कितीतरी वर्षं शेतात ऊनपाऊस झेललेलं ते लाकूड आता पाण्यावर आहे, अजून त्याला काही झालेलं नाही. वजन मात्र बरंच आहे, म्हणून पूर्ण केबिनला बाभूळ घालू नका, होडी नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, बसते.

जुनं लाकूड नसेल तर बुरुडाकडून बांबूच्या कामट्यांची जाळी करून घ्या. फारच स्वस्त पडते. ताज्या बांबूतल्या पिठूळ अंशाला कीड लागते, त्यामुळे बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवून, पूर्ण वाळवून मग बांधा. तशी भिजवलेली जाळी सतत पाण्यात राहिली तर औषध धुऊन जातं, तेव्हा दोन-तीन वर्षांनी नवी करायची तयारी ठेवा.

पीव्हीसीचा फोम बोर्ड सध्या खूप जण सुचवतात. तो कुजत नाही हे खरं. पण बंद केबिनमध्ये मेच्या उन्हात तो मऊ पडून रिपांच्या मध्ये वाकतो. घ्यायचाच तर रिपा आठ-आठ इंचांवर घ्या, म्हणजे प्लायपेक्षा रिपांचाच खर्च वाढतो. प्लास्टिकचं गवत, काथ्याचा पायपुसणा आणि कार्पेट हे तिन्ही केबिनमध्ये नको, पाणी आणि चिखल दोन्ही धरून बसतात. एकाने सिरॅमिक फरशी लावली होती. तीस चौरस फुटांना नुसत्या फरशीचंच वजन पन्नास किलोच्या आसपास जातं, वर होडी वळली-वाकली की सांधे तडकतात.

एक धोक्याची गोष्ट जमिनीशी जोडलेलीच आहे. स्वयंपाकाचा गॅस आणि पेट्रोलची वाफ, दोन्ही हवेपेक्षा जड. गळती झाली तर ती खाली बसते, नेमकी फळ्यांखालच्या पोकळीत, आणि वास नाकापर्यंत यायला वेळ लागतो. छोटं सिलिंडर आणि पेट्रोलचा डबा केबिनबाहेर, उघड्यावर ठेवा. चहा करण्याआधी एक फळी उचलून वास घ्यायची सवय आम्ही लावून घेतली आहे.

माझा खर्च असा झाला: प्लाय २,९०० रुपये, इपॉक्सी १,७००, रंग आणि ब्रश ६५०, स्टेनलेसचे स्क्रू आणि एल्बो ४५०, फोमच्या टाइल ९००. मामांची दोन दिवसांची मजुरी वेगळी. ही माझ्या खरेदीची रक्कम आहे, तुमच्या बाजारात थोडा फरक पडेल. पैसे कमी असतील तर फोम सोडा, रंगावर रेती टाका, पण इपॉक्सी आणि खालच्या बाजूचे हात सोडू नका.

देखभालीला दर आठवड्याला अर्धा तास जातो. फळ्या उचलायच्या, तळ उपसून फडक्याने पुसायचा, खाचांत अडकलेला चिखल आणि माशांचे खवले काढायचे, आणि फळ्या टपावर उलट्या टाकून चहा होईपर्यंत वाळू द्यायच्या. श्रावणात ऊन नसलं तरी उघड्या हवेवर ठेवा. फळीच्या कडेला रंगाला तडा दिसला तर तिथेच कोरडी करून इपॉक्सीचं बोट फिरवा, पुढच्या वर्षापर्यंत थांबू नका.

फळ्या कापण्याआधी मी पुठ्ठ्याचे साचे केले होते, कारण केबिनची एकही कड सरळ नाही. ते साचे घरी माळ्यावर ठेवलेत, प्रत्येकावर "पुढची", "मधली", "दाराची" असं खडूने लिहून. कधी एखादी फळी गेलीच तर होडी वर न ओढता, साचा घेऊन सुतारमामांकडे जायचं आणि संध्याकाळच्या जाळ्याआधी नवी फळी बसवायची.